राजपुत्राचा खुलासा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. पीकविम्याची राहिलेली पोस्ट रविवारी टाकतो, त्यामुळे कमेंटमध्ये "भाऊ, विम्याचं काय झालं" असं विचारू नका. आज एका सिरीयलवर लिहायचंय. सिरीयल दोन पोरांच्या प्रेमाची आहे, आणि दोघंही मुलगे आहेत. ज्यांना एवढ्यावरच पुढे वाचायचं नसेल त्यांनी खुशाल थांबावं, माझा राग नाही. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचा. यात आपल्या भागाचा विषय आहे, आमच्या धंद्याचा आहे आणि थोडा कायद्याचाही आहे.

सिरीयलचं नाव 'यंग रॉयल्स'. स्वीडनची, स्वीडिश भाषेतली, नेटफ्लिक्सवर. पहिला सीझन जुलै २०२१ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये, तिसरा आणि शेवटचा मार्च २०२४ मध्ये. प्रत्येकी ६ भाग, एकूण १८. माझ्या मुलीने लावून दिली. ती बारावीला आहे. "पप्पा, तुम्ही नुसते आमदारांचे दौरे बघता, हे पण बघा जरा," म्हणाली. सबटायटल वाचत वाचत, रात्री बातम्या पाठवून झाल्या की एकेक भाग बघत तीनही सीझन संपवले.

गोष्ट थोडक्यात सांगतो. विल्हेल्म हा स्वीडनच्या राणीचा धाकटा मुलगा. (हे राजघराणं काल्पनिक आहे. स्वीडनमध्ये खरा राजा आहे, पण ही त्याच्या घरची गोष्ट नाही.) पोरगा क्लबमध्ये मारामारी करतो, त्याचा व्हिडिओ फिरतो, म्हणून त्याला हिलेर्स्का नावाच्या श्रीमंतांच्या निवासी शाळेत पाठवतात. तिथे त्याला सायमन भेटतो. सायमन वसतिगृहात राहत नाही, जवळच्या साध्या वस्तीतून रोज येतो. आई एकटी घर चालवते, घरात स्पॅनिशही बोलली जाते, बाप व्यसनी आणि वेगळा राहणारा. सायमन शाळेच्या गायकवृंदात गातो. दोघांचं जमतं. मध्येच विल्हेल्मचा थोरला भाऊ एरिक मोटार अपघातात जातो आणि हा धाकटा एका दिवसात युवराज होतो. मग लांबच्या नात्यातला भाऊ ऑगस्ट त्या दोघांचा खिडकीतून चोरून व्हिडिओ काढतो आणि तो नेटवर टाकतो.

इथपर्यंतची गोष्ट कोणालाही सुचेल. मला धरून ठेवलं ते पुढच्या एका प्रसंगाने. राजवाड्याचे लोक ठरवतात की राजपुत्राने खुलासा करायचा: व्हिडिओत मी नाही.

मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. जिल्हा परिषद, बाजार समिती, साखर कारखाना, शाळा-संस्था, सगळीकडचे खुलासे माझ्या हातून गेलेत. खुलाशाची एक खूण असते. ज्याच्या नावाने तो येतो, त्याने तो लिहिलेला नसतो. संस्थाचालकाचा खुलासा त्याचा वकील लिहितो, सरपंच बाईंचा खुलासा त्यांचे मिस्टर लिहितात, आणि वाचून दाखवताना बाई मध्येच एखाद्या शब्दाला अडखळतात. त्यावरून कळतं की हा कागद पहिल्यांदाच वाचला जातोय. 'यंग रॉयल्स' लिहिणाऱ्या लिसा आम्ब्यर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही गोष्ट नेमकी माहीत आहे. सगळी सिरीयल मला चार निवेदनांवर उभी दिसली.

पहिलं निवेदन अगदी सुरुवातीला. मारामारीबद्दल माफी आणि नव्या शाळेत जाण्याची घोषणा. शब्द राजवाड्याचे, तोंड पोराचं.

दुसरं, व्हिडिओ नाकारणारं. इथे राणीचं काम बघण्यासारखं आहे. ती ओरडत नाही, हात उचलत नाही, खोलीत कोंडत नाही. ती पोराजवळ बसून समजुतीने बोलते. तू लहान आहेस, तुला आत्ताच जगाला काही सांगायची गरज नाही, हे सगळं तुझ्याच भल्यासाठी आहे. आई म्हणून तिचं बोलणं खरं आहे आणि राणी म्हणूनही. त्यामुळेच पोराला त्यातून सुटता येत नाही. बाप काठी घेऊन उभा राहिला तर पोरगं पळून तरी जातं. आई डोक्यावरून हात फिरवत "एवढं एकदा म्हण ना" म्हणाली तर पळायचं कुठे? विल्हेल्म कॅमेऱ्यासमोर बसतो आणि म्हणतो, तो मी नव्हे.

आणि सायमन हे आपल्या घरी बसून बघतो. व्हिडिओतून एकजण बाहेर पडला की मागे एकटा कोण उरतो, हे सांगायला नको. राजपुत्राच्या मागे राजवाडा आहे, वकील आहेत, प्रसिद्धी विभाग आहे. सायमनच्या मागे नर्ससारखी कष्टाची नोकरी करणाऱ्या कोणत्याही बाईसारखी एक आई आणि एक बहीण. खुलासा मोठ्या घराचा होतो, त्याची किंमत लहान घर भरतं. हे आम्ही तालुक्याच्या पातळीवर किती वेळा बघतो! मोठ्या घरचा मुलगा "त्याचा काही संबंध नाही" असं छापून मोकळा होतो, आणि ज्याचं नाव छापलं जात नाही तो गाव सोडतो.

दुसऱ्या सीझनमध्ये सायमनला पोलिसात जायचं असतं. व्हिडिओ काढणारा ऑगस्ट आहे हे कळलेलं असतं. पण ऑगस्ट हा गादीच्या रांगेत विल्हेल्मच्या मागे उभा आहे, त्याची बदनामी राजवाड्याला परवडत नाही. शिवाय सायमनचा एक जुना चुकीचा व्यवहार ऑगस्टच्या हातात आहे. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आधी स्वतःचा हिशेब द्यावा लागणार. "आपसात मिटवा" हे वाक्य फक्त आपल्याच पोलीस ठाण्यात ऐकू येतं असा माझा समज होता. स्वीडनच्या राजवाड्यातही ते चालतं, फक्त मऊ आवाजात.

तिसरं निवेदन दुसऱ्या सीझनच्या शेवटी. शाळेचा वर्धापन सोहळा, पाहुणे, टीव्हीचे कॅमेरे. विल्हेल्मच्या हातात लिहून दिलेलं भाषण. ते बाजूला ठेवून तो सांगतो की त्या व्हिडिओत मीच होतो, सायमनबरोबर. कागद आणि तोंड यांची फारकत पहिल्यांदा तिथे होते. एडविन रीडिंग या पोराने ते काम फार संयमाने केलंय. चेहऱ्यावर मुरमं आहेत, ओठ सुकलेत, आणि ते लपवलेलं नाही. आपल्या सिरीयलमधल्या झोपेतून मेकअप करून उठणाऱ्या मंडळींपेक्षा हे वेगळं वाटतं. सायमनचं काम करणारा ओमर रुडबर्ग तर मुळात गायक आहे, त्यामुळे गाणीही खरी वाटतात.

चौथ्या निवेदनाकडे शेवटी येतो. त्याआधी घराकडे यावं लागेल, कारण हे बघताना मला सारखा राजपिपळा आठवत होता.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना राजपिपळा वेगळा सांगायला नको. अक्कलकुव्याची हद्द ओलांडली, सागबारा, देडियापाडा मागे टाकलं की आलंच. सरदार पटेलांचा पुतळा बघायला गेलेल्या निम्म्या लोकांनी तिथे चहा घेतलेला असेल. जुनं संस्थान. त्या घराण्याचे मानवेंद्रसिंह गोहिल यांचं १९९१ मध्ये झाबुआच्या राजघराण्यातल्या मुलीशी लग्न लावलं गेलं, आणि ते थोड्याच काळात मोडलं. पुढे २००६ मध्ये त्यांनी एका गुजराती दैनिकाला मुलाखत दिली आणि आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. तेव्हा देशात कलम ३७७ होतं, म्हणजे कायद्याने तो गुन्हाच. राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले. आणि घरच्यांनी काय केलं? त्याच वर्षी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन त्यांना वारसाहक्कातून काढल्याचं कळवलं.

म्हणजे स्वीडनची सिरीयल लिहिणाऱ्यांनी जे २०२१ मध्ये कल्पनेने रचलं, त्याच्या जवळपासचं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पंधरा वर्षं आधी घडून गेलं होतं. फरक एवढा की सिरीयलमधला राजपुत्र शाळकरी वयाचा आहे आणि राजपिपळ्याचा चाळिशीत होता. मधली सगळी वर्षं त्याने कर्तव्य केलं. त्या कर्तव्यात एका मुलीचं आयुष्यही गुंतलं, जिचा यात काडीचा दोष नव्हता. ज्यांना वाटतं की "एकदा लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल", त्यांनी त्या मुलीचा विचार करावा. मानवेंद्रसिंहांनी पुढे लक्ष्य ट्रस्टमार्फत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम चालवलं, आणि राजपिपळ्याजवळच्या आपल्या जागेत घरातून हाकललेल्या अशा मुलांसाठी निवारा करायला घेतला. जो स्वतः नोटिशीने बाहेर पडला, त्याला अशा निवाऱ्याची गरज कोणी सांगावी लागली नसणार.

आता जाहीर नोटिशीबद्दल. आमच्या पेपरांत आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या शेजारी ही चौकट असते. "तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्या वर्तनाशी व व्यवहाराशी माझा कोणताही संबंध नाही." बहुतेक वेळा कारण कर्जाचं असतं, दारूचं असतं, पळून जाऊन केलेल्या लग्नाचं असतं. लोक वाचून पान उलटतात.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच नोटीस घेऊन आमच्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहितोय. निवृत्त माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मी बसवलं, चहा मागवला.

"भाऊ, यातल्या दोन ओळी कमी केल्या तर किती होतील?"

मी मजकूर वाचला. मुलाचं वय चोवीस.

"काका, कर्ज वगैरे केलंय का त्याने?"

"नाही नाही. त्याचंच उलट आहे. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्यानेच पाठवले."

"मग?"

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो तिकडे शहरात एका मुलासोबत राहतो. म्हणजे रूम पार्टनर म्हणून नाही." पुढचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे 'समलिंगी' होता, पण तो बातमीतला शब्द आहे. चहाच्या टेबलावर, बापासमोर, तो उच्चारायला जड जातो. आपल्या बोलण्यात या गोष्टीला शिव्या भरपूर आहेत, साधा शब्द नाही. हेही एक कारण आहे की घराघरात या विषयावर बोलणंच होत नाही.

मी त्यांना कायदा सांगितला. नोटीस छापल्याने मुलगा मुलगा राहत नाही असं होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला त्याचा जन्मजात हिस्सा चार ओळींच्या चौकटीने जात नाही. स्वतः कमावलेलं कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहिता येतं, त्याला नोटीस लागत नाही.

"ते मला वकिलाने सांगितलंय भाऊ. नोटीस मला कोर्टात दाखवायची नाही. व्याह्यांना दाखवायची आहे. मुलीचं लग्न ठरलंय. त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, तुमचा आणि त्याचा संबंध नाही असं लेखी द्या."

मी म्हटलं, "आज राहू द्या. घरी जा, काकूंशी बोला, मुलाशी एकदा फोनवर बोला. उद्या या, मग बघू." ते उद्या आले नाहीत. आठवड्याभराने ती नोटीस दुसऱ्या एका पेपरात आली. 'वर्तनाशी' हा शब्द काढलेला होता, एवढंच मला दिसलं. लग्न झालं. मला पत्रिका होती, गेलो होतो. मुलीच्या पाठवणीच्या वेळी भावाने करायचं ते चुलतभावाने केलं. मुलीची आई मंडपात कामात होती, आणि दर थोड्या वेळाने पदराखालचा मोबाईल बघत होती.

'यंग रॉयल्स'मधली राणी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून मुलाला तो कागद वाचताना बघते, तेव्हा मला ते काका दिसले. त्यांना क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्याकडे दोन मुलं होती आणि गावाने त्यांना एकच निवडायला सांगितलं. त्यांनी मुलीचं कर्तव्य केलं आणि मुलाच्या नावाने खुलासा दिला. मुलीचा यात काय विचार होता, ते तिला कोणी विचारलंच नाही.

म्हणून मला 'कर्तव्य' या शब्दाबद्दल बोलायचंय. ज्या कामात आपण काही देतो ते कर्तव्य समजू शकतो. आईबापांना सांभाळणं, बहिणीच्या लग्नाला पैसा उभा करणं, भाऊ गेल्यावर त्याची जबाबदारी घेणं. सिरीयलमधला पोरगा यातलं काहीच नाकारत नाही. एरिक गेल्यावर तो युवराज होतो, शिकतो, सोहळ्यांना उभा राहतो. राजपिपळ्याच्या राजपुत्रानेही संस्थानाची कामं केली. आमच्या काकांचा मुलगा ऑपरेशनचे पैसे पाठवत होता. तिघांकडून मागितलं गेलं ते वेगळंच होतं: एक खोटं वाक्य, आणि तेही स्वतःबद्दलचं. ते बोलायला नकार दिला की कर्तव्यात कसूर झाल्याचा शिक्का. मला वाटतं, हा शिक्का मारण्याआधी मागणाऱ्याने स्वतःला विचारावं की मी पोराकडून काम मागतोय की खुलासा.

आता "हे परदेशी फॅड आहे" या कमेंटला आधीच उत्तर देतो, म्हणजे वेळ वाचेल.

स्वीडन काही जन्मतः असा नव्हता. तिथे समलिंगी संबंध १९४४ पर्यंत गुन्हा होता. १९७९ पर्यंत तो सरकारी यादीत आजार होता, आणि लोकांनी सरकारी आरोग्य खात्याच्या कार्यालयाच्या जिन्यात ठिय्या मांडला तेव्हा तो त्या यादीतून निघाला. लग्नाचा हक्क २००९ मध्ये मिळाला. म्हणजे एका माणसाच्या हयातीत गुन्हा, आजार आणि लग्न असा प्रवास झाला. आणि तरीही २०२१ मध्ये तिथली एक लेखिका सांगते की मोठ्या घरात, जुन्या शाळेत, गादीच्या आसपास हे अजून मोकळं झालेलं नाही.

शाळेचंही तेच. हिलेर्स्का ही शाळा काल्पनिक आहे, पण स्वीडनमध्ये लुंड्सबेरी नावाची खरी निवासी शाळा आहे, जिथे तिथल्या राजघराण्यातला मुलगाही शिकला. २०१३ मध्ये तिथे मोठ्या मुलांनी लहान मुलांना गरम इस्त्रीने चटके दिल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि शाळा तपासणी खात्याने शाळा तात्पुरती बंद करण्याचा आदेश काढला. तिसऱ्या सीझनमध्ये हिलेर्स्कावर अशीच चौकशी येते. त्यात विल्हेल्मला कळतं की ज्याला तो देव मानत होता तो थोरला भाऊ एरिकसुद्धा अशा छळात सामील होता, आणि ज्याला छळलं त्यात ऑगस्ट होता. व्हिलन म्हणून ज्याला आपण दोन सीझन शिव्या दिल्या तो ऑगस्टही आत्महत्या केलेल्या बापाचा मुलगा, कर्जात गेलेल्या जहागिरीचा वारस. म्हणून त्याचा गुन्हा माफ होत नाही. पण "परंपरा" नावाखाली एका पिढीने दुसरीला काय काय दिलं, ते दिसतं.

आणि आपल्याकडे? विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चं आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्यात तर सगळं आपल्याच खेड्यातलं आहे. बाप गेल्यावरचे दहा दिवस, सुतक, आणि तिशीतल्या पोराला प्रत्येक नातेवाईकाचा एकच प्रश्न: लग्न कधी? हे फॅड असेल तर आपल्या घरात बरंच जुनं आहे.

आता कायदा. हा भाग सेव्ह करून ठेवा.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध, मग ते पुरुष-पुरुष असोत की बाई-बाई, गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळाचा ठरवला. म्हणजे आज स्थिती अशी: प्रेम गुन्हा नाही, सोबत राहणं गुन्हा नाही, लग्नाची नोंद होत नाही. कोणी पोलीस किंवा गावगुंड "केस करतो" म्हणून पैसे मागत असेल तर ती खंडणी आहे.

क्लिप काढणं आणि फिरवणं मात्र गुन्हा आहे. संमतीशिवाय कोणाच्या शरीराचं खासगी चित्रण काढलं, छापलं किंवा पाठवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक कृतीचा व्हिडिओ पसरवला तर कलम ६७ ए, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. क्लिपमधलं पोरगं अठराच्या आतलं असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं, पोक्सो लागतो. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव चालत नाही. ग्रुप ॲडमिन मंडळींनी हे वाचावं.

आणि माझ्या पत्रकार मित्रांसाठी, खास करून यूट्यूब चॅनलवाल्यांसाठी: पोक्सोच्या कलम २३ नुसार मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, ओळख पटेल असं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. त्याला वेगळी शिक्षा आहे. "अमुक शाळेतल्या दहावीच्या विद्यार्थ्याची" असं लिहिलं की गावात ओळख पटतेच. चेहरा ब्लर करून गल्ली दाखवली तरी पटते. 'यंग रॉयल्स'मध्ये कॅमेरे सायमनच्या घराबाहेर उभे राहतात. त्या कॅमेऱ्यांमागे कोण असतं? आपणच असतो. ऑगस्टने व्हिडिओ एकदा टाकला, बाकी काम बातमीदारांनी केलं.

"डॉक्टरकडे नेऊन बरा करू" म्हणणाऱ्यांसाठी: हा आजार नाही. असा "उपचार" करणं हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय. पोरगं खचलं असेल, झोपत नसेल, जीवाचं काही बोलत असेल, तर त्या खचण्यावर उपचार करा. टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आईबापांनीही फोन करायला हरकत नाही.

आता चौथं निवेदन. तिसऱ्या सीझनमध्ये राजवाडा सायमनला स्वीकारतो, पण अटींसह. सोशल मीडियावर काय लिहायचं, काय नाही, कुठे काय बोलायचं, सगळ्याचे नियम. म्हणजे आता प्रेम लपवायचं नाही, पण त्याचाही खुलासा आम्हीच लिहून देणार. पोरगा बघतो की त्याच्यावर जे झालं तेच आता त्याच्यामुळे सायमनवर होतंय. दोघं वेगळे होतात. आणि शेवटच्या भागात गाडीत बसलेला असताना विल्हेल्म आईबापांना सांगतो की मला युवराज व्हायचं नाही. समोर कॅमेरा नाही, माईक नाही, लिहून दिलेला कागद नाही. पहिल्यांदाच तो स्वतःच्या शब्दांत, ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगतो. मग गाडीतून उतरून सायमनकडे धावतो.

या शेवटावर माझी एक तक्रार आहे. राजपुत्र गादी सोडतो तेव्हा त्याच्या खाली गादी असतेच. उद्या त्याला खोलीच्या भाड्याची चिंता नाही. आमच्या भागातलं पोरगं घर सोडतं तेव्हा सूरतला किंवा पुण्याला कॉट बेसिसवर राहतं, बारा तास काम करतं आणि दिवाळीला गावी येत नाही. त्याला "मोकळा हो, उघड सांग" असा सल्ला मी देणार नाही. ज्याला सांगायचंय त्याने आधी आपल्या पायावर उभं राहावं, दोन भरवशाची माणसं जोडावीत, मग सांगावं, किंवा सांगूही नये. तो त्याचा प्रश्न. मोठं होणं म्हणजे जाहीर सभा घेणं नाही. दुसऱ्याने लिहून दिलेलं खोटं वाक्य आपल्या तोंडाने न म्हणणं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि त्याला ते जमावं यासाठी आपल्याकडून फार मोठं काही लागत नाही. व्याही मंडळींनी लेखी मागू नये. वरातीत, दशक्रियेला, पारावर "त्याचं काय झालं हो?" असं मुद्दाम विचारू नये. क्लिप आली तर डिलीट करावी आणि पाठवणाऱ्याला सांगावं. मुलगा चार वर्षांनी गावी आला तर "कधी आलास, जेवलास का" एवढंच विचारावं.

सिरीयल मुलांसोबत बघायची का, असं काहीजण इनबॉक्समध्ये विचारतील. काही दृश्यं मोकळी आहेत, शाळेतली नशापाणी आहे, शिव्या आहेत. लहानांसाठी नाही. अकरावी-बारावीच्या पुढच्या मुलांनी बघितली तर बिघडत नाही, त्यांनी बहुधा आधीच बघितलेली असेल. आईबापांनी मात्र एकदा बघावी, राणीकडे लक्ष ठेवून.

कमेंटमध्ये मतभेद चालतील, शिव्याही एखाद-दुसरी सहन करीन. पण कोणाचं नाव घेतलं, कोणाच्या मुलाकडे बोट दाखवलं, "तो अमक्याचा पण तसलाच ना" असं लिहिलं, तर कमेंट लगेच उडवीन. कोणाचीही विचारपूस इथे करायची नाही.